जरा उठाव येऊ द्या

महाराष्ट्रात हातात ब्रश धरलेल्या बहुतेक पोरांना कलेबद्दलचं पहिलं सरकारी प्रमाणपत्र मिळतं ते एलिमेंटरी ड्रॉइंगचं. मलाही मिळालं. 'बी' ग्रेड. स्थिरचित्राला बाईंनी स्टुलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे निळा पडदा मांडला होता. वांगी माझी झकास आली, तांब्या मात्र डावीकडे कलला. वडिलांनी प्रमाणपत्र उजेडात धरून बघितलं, उलटून पाठीमागे काही लिहिलंय का तेही बघितलं आणि रेशनकार्ड, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या ज्या पिशवीत असत तिच्यात ठेवून दिलं. म्हणाले, "असू दे. कशाला तरी लागेल."

ते अजून कशालाही लागलेलं नाही. गेली तेवीस वर्षं मी पुण्यात ग्राफिक डिझायनर आहे, कुणाच्याही नोकरीत नाही, आणि एवढ्या काळात एकाही गिऱ्हाइकाने 'एलिमेंटरीला काय होतं?' असं विचारलेलं नाही. तरी प्रमाणपत्र मी जपलंय. कारण माझ्या कलेबद्दल 'बरी आहे, पण तांब्या कललाय' इतकं स्वच्छ मत त्यानंतर कुणी लेखी दिलं नाही. पुढची सगळी मतं तोंडी, आणि तीही बहुतेक रात्री साडेदहानंतर फोनवर.

नोकरीतल्या माणसाचे टप्पे दुसऱ्यांनी आखून ठेवलेले असतात. आधी प्रोबेशन, मग कायम, मग इन्क्रिमेंट, मग केबिन, पंचवीस वर्षांनी भिंतीवरचं घड्याळ आणि शेवटी शाल-श्रीफळ आणि 'त्यांची उणीव भासत राहील' हे वाक्य. आमच्यात यातलं काही नाही. मीच साहेब, मीच शिपाई, मीच चहा करणार आणि साखर कमी आहे म्हणून मीच कुरकुरणार. उद्या निवृत्त व्हायचं ठरवलं तर शालही स्वतःच अंगावर घ्यावी लागेल, आणि त्याला कुणी सत्कार म्हणणार नाही. याला थंडी वाजतेय म्हणतील.

त्यामुळे आमचे मैलाचे दगड आम्हालाच हुडकावे लागतात. बरेचदा आधी ठेच लागते, मग अंगठा धरून खाली वाकल्यावर कळतं, अरेच्चा, हा मैलाचा दगड होता.

माझी पहिली ठेच मावसभावाच्या लग्नातली. पत्रिका मी केली. घरचंच कार्य, त्यामुळे पैशांचा विषय निघाला नाही आणि बदलांचा विषय संपला नाही. गणपती आधी उजवीकडे होता, मग मध्ये आला, मग मावशीच्या जाऊबाईंना सोंड डावीकडे हवी होती म्हणून अख्खा उलटा झाला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या अकरा बालकांपर्यंत सगळा मजकूर मी जुळवला. फाइल प्रेसला दिली. आणि तिथे वेलांटीने दगा दिला.

आपली पहिली वेलांटी मोठी फसवी आहे. बोलताना ती अक्षरानंतर येते, लिहिताना आधी. माणसाच्या पोराला हे पहिलीत उमगतं. सॉफ्टवेअरला उमगायला त्यात भारतीय लिप्यांची सोय असावी लागते आणि ती चालू असावी लागते. प्रेसच्या जुन्या सॉफ्टवेअरात ती नव्हती. परिणामी 'चि.'मधली वेलांटी 'च'ला सोडून पुढच्या टिंबाच्या डोक्यावर जाऊन बसली. पाचशे पत्रिकांवर नवरा मुलगा नुसताच 'च' उरला, आणि टिंबाला छत्री मिळाली. तेव्हापासून मी प्रेसला फाइल देण्याआधी सगळी अक्षरं 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकतो. मग वेलांटीला पळून जायला जागा राहत नाही. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, मावशीने शिकवलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना पत्रिका गेल्या, मला आली नाही. मी फोन केला. मावशी म्हणाली, "तुला कसली पत्रिका? तुझ्या कॉम्प्युटरातच आहे की!"

हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पा म्हणजे गिऱ्हाइकाची भाषा कळायला लागणं. सुरुवातीला कुणी म्हणालं, "छान आहे, पण जरा उठाव येऊ द्या," की मी गडबडून जायचो. उठाव म्हणजे मला शाळेतला १८५७चा माहीत. डिझाइनमध्ये तो कसा आणायचा? हळूहळू शब्दकोश तयार झाला. 'उठाव' म्हणजे पिवळा. 'पंच' म्हणजे लाल. 'रिच वाटू दे' म्हणजे काळ्यावर सोनेरी. 'सिंपल ठेवा' म्हणजे पैसे कमी आहेत. 'काहीतरी वेगळं करा' म्हणजे शेजारच्या दुकानदाराचं आहे तसंच, पण त्याच्यापेक्षा मोठं. ही भाषा मला ज्या दिवशी न अडखळता बोलता आली, त्या दिवशी खरं तर पदवीदान व्हायला हवं होतं. त्याऐवजी जीएसटी धरून कोटेशन मागण्यात आलं.

या भाषेचे माझे गुरू एक मसालेवाले काका. त्यांच्या गोडा मसाल्याचं पाऊच मी केलं. काका माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसायचे आणि आगगाडीला झेंडा दाखवावा तसा हात हलवायचे. "वर घ्या. अजून. अजून एक सूत. बास! आता जरा खाली." प्रत्येक सूचनेला त्यांचं बोट पडद्यावर टेकायचं. ते कारखान्यातून थेट यायचे, त्यामुळे पडद्यावर हळदीचे ठिपके पडायचे. काका गेल्यावर मी अर्धा तास विचार करायचो की वरच्या कोपऱ्यातला हा पिवळा ठिपका मी टाकलाय की काकांनी. एकदा मी तो फडक्याने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "काल इथे काहीतरी छान होतं."

मोकळी जागा ही आमच्या शिक्षणातली पवित्र गोष्ट. कॉलेजात सर सांगायचे, रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, डोळ्याला विसावा द्यायला ती मुद्दाम सोडायची असते. पण पुण्यात मोकळा प्लॉट दिसला की बिल्डरच्या मनात जे येतं, तेच मोकळा कोपरा दिसला की गिऱ्हाइकाच्या मनात येतं. एफएसआय शिल्लक आहे! काकांनी पाऊचच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे रिकामं का?"

"डिझाइनला श्वास घ्यायला जागा हवी, काका."

"पाऊच हवाबंद आहे," काका म्हणाले. "तिथे मिरच्या टाका."

मी मिरच्या टाकल्या. आज ते पाऊच पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी वाण्यांकडे दोरीला लटकतं आणि लोक मिरच्यांवरूनच ते ओळखतात. "तो मिरच्यावाला गोडा मसाला द्या." माझ्या सगळ्यात गाजलेल्या कामातला गाजलेला भाग काकांचा आहे. हे मी कुणाला सांगत नाही, आज सांगितलं.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा मी काकांना 'नायकी'ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या पोर्टलंडची कॅरोलिन डेव्हिडसन ही विद्यार्थिनी. तिने १९७१ साली त्या कंपनीचा बाकदार तुरा काढून दिला, आणि तिला मिळाले ३५ डॉलर. आज जगातल्या बहुतेक पोरांच्या बुटावर तो तुरा आहे. कलावंताला कमी पैसे दिले की कसा इतिहास होतो हे काकांच्या मनावर ठसावं, असा माझा हेतू. पण गोष्ट अर्धी सोडायला नको म्हणून मी पुढचंही सांगून बसलो. १९८३ साली कंपनीने तिला बोलावून त्याच आकाराची हिऱ्याची अंगठी दिली आणि वर शेअर्स दिले.

काकांनी शांतपणे बोटं मोजली. "म्हणजे बारा वर्षं. एक तप. वा! उत्तम पद्धत आहे. आपणही तसंच करू. आत्ता कमीत करा, अंगठीचं नंतर बघू."

तप गेल्याच वर्षी पुरं झालं. दिवाळीच्या आधी काकांनी मला दुकानात बोलावलं आणि हातात एक खोकं ठेवलं. अंगठीचं खोकं एवढं मोठं नसतं हे दिसत होतंच. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. डायलवर मीच केलेला लोगो, आणि बाराच्या आकड्याच्या जागी दोन मिरच्या. म्हणजे नोकरी केली काय, न केली काय, घड्याळ काही चुकत नाही.

आता नावाचं बोलतो, कारण ओळख म्हणजे शेवटी नाव. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ बघून लोक म्हणायचे, हे दलालांचं. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या चित्रावर सही असायची, पण ती शोधायची गरज पडत नसे. वर्तमानपत्रात नाटकाच्या जाहिराती असत, त्यांत कमल शेडगेंनी काढलेलं नाव असलं की ते वाचायच्या आधीच ओळखू यायचं. अक्षरच आधी नाटक करून घ्यायचं. पण कामाइतकं नाव पोचतंच असं नाही. कॉम्प्युटरवर मराठी उघडली की वर्षानुवर्षं जे अक्षर आपोआप समोर यायचं ते 'मंगल'. सोसायटीत पाणी येणार नाही ही नोटीस 'मंगल'मध्ये, बदलीचा आदेश 'मंगल'मध्ये. ते घडवलं र. कृ. जोशींनी. त्या नोटिसा वाचून कितीजणांनी पालिकेच्या नावाने बोटं मोडली, पण अक्षरकाराची आठवण कुणाला झाली? रुपयाचं चिन्ह घ्या. २०१० साली ते ठरलं, डी. उदय कुमार यांना अडीच लाखांचं बक्षीस मिळालं. नोटेवर काम छापून यावं याहून मोठा मान तो कोणता? तरी तुमच्या सोसायटीत विचारून बघा. चिन्ह सगळ्यांच्या खिशात आहे, नाव एखाद्याच्याच डोक्यात.

कायदासुद्धा आमच्या बाजूने नाही. निवडणुकीचं साधं पत्रक काढायचं तरी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे त्यावर मुद्रकाचं नाव-पत्ता लागतो, प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नाही छापलं तर तुरुंगात जायची सोय आहे. ज्याने रात्रभर जागून उमेदवाराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली, त्याचं नाव मात्र कायदा विचारत नाही. त्याला तुरुंगाचीसुद्धा संधी नाही.

एकदा मी हा अन्याय स्वतःच्या हाताने दूर करायचं ठरवलं. २०२१चा डिसेंबर होता. महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपणार होती, आणि आमच्या भागातले एक 'भावी नगरसेवक' त्या हिशेबाने वाढदिवस साजरा करणार होते. दहा बाय वीसचा फ्लेक्स. फ्लेक्स करणं हे डिझाइनचं काम नव्हे, ते लग्नातल्या मानपानाचं काम आहे. वर वरिष्ठ नेत्यांची डोकी, त्यात दिल्लीचं डोकं मुंबईच्या डोक्यापेक्षा मोठं, मुंबईचं जिल्ह्याच्या डोक्यापेक्षा. मधोमध भाऊ हात जोडून. खाली शुभेच्छुक, त्रेचाळीस, गोल फोटोंत. एकाचं डोकं शेजाऱ्यापेक्षा सूतभर लहान झालं तर रात्री फोन येतो, आणि फोन करणारा मी डिझायनर आहे म्हणून हळू बोलत नाही. भाऊंचे केस मी एकेक करून काळे केले. मूळ फोटोत ते पांढरे होते असं मी म्हणत नाही; मूळ फोटोत ते नव्हते.

आणि मग सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, त्रेचाळिसाव्या शुभेच्छुकाच्या पायाशी मी बारीक अक्षरांत टाकलं: 'डिझाइन', पुढे माझं नाव आणि मोबाइल नंबर. ठरवून केलेला माझ्या आयुष्यातला एकमेव उठाव.

सकाळी सहाला उठून चौकात गेलो. फ्लेक्स लागला होता, भव्य दिसत होता. लावणाऱ्यांनी तो लाकडी फ्रेमवर ताणताना चारी कडा चार-चार इंच मागे दुमडल्या होत्या आणि खिळे ठोकले होते. माझं नाव पाठीमागे, लाकडाच्या आत. उठाव जागच्या जागी मोडून काढण्यात आला होता.

महापालिकेची निवडणूक पुढे वर्षामागून वर्ष लांबत गेली. भाऊ तेवढी सगळी वर्षं भावीच राहिले. मला त्याचं आतून थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो.

नावाचा नाद सोडल्यावर मला कळलं की आमच्या धंद्यात खरा गौरव चोरीतून होतो. एक गृहस्थ पेढ्याच्या दुकानासाठी लोगो करून घ्यायला आले. मोबाइलवर फोटो दाखवला. "अगदी असं पाहिजे. जमेल का?" बघतो तर दुसऱ्या गावच्या दुकानाची पाटी, आणि तीवर मी आठ वर्षांपूर्वी कुणा तिसऱ्यासाठीच केलेली कमळाची पाकळी, हुबेहूब. मी म्हटलं, "हे कुणी केलंय माहितेय?"

"नाही बुवा. पण जो कोण आहे तो हुशार आहे. त्याच्याकडे जाणार होतो, पण असे लोक फार पैसे घेतात. म्हटलं, तुमच्याकडे जमवू."

इतकी मनापासूनची दाद मला तोवर कधी मिळाली नव्हती. मी खुशीत येऊन पाकळी बदलून दिली आणि दरही कमी लावला. स्वतःपेक्षा स्वस्तात काम करणारा मी बहुधा पहिलाच.

सरकारने मात्र माझी रीतसर दखल घेतली आहे, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. त्याच २०२१ साली मी 'उद्यम' नोंदणी केली. अर्ध्या तासात प्रमाणपत्र आलं. एलिमेंटरीनंतरचं पहिलं! वर माझं नाव, आणि उद्योगाच्या प्रकारापुढे शिक्का: सूक्ष्म. चौकशी केली तेव्हा कळलं की पाच कोटींपर्यंत उलाढाल असली की त्या वेळी सगळे सूक्ष्मच. म्हणजे माझ्या उलाढालीला सरकारने सूक्ष्म म्हटलं यात कुठेही कमीपणा नव्हता, उलट बराच मोठेपणा होता. माझा आकडा बघून 'सूक्ष्म'च्या खाली एखादा 'अदृश्य' वर्ग काढायला हवा होता.

या सूक्ष्मांसाठी कायदा मायाळू आहे. लेखी करार असला तरी आमचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं, असं तो सांगतो. मोजायला सुरुवात काम स्वीकारल्या दिवसापासून. गोम इथेच आहे. एका गिऱ्हाइकाने माझा लोगो दुकानाच्या पाटीवर लावला, पिशव्यांवर छापला, धाकट्या जावयाच्या टी-शर्टवरसुद्धा काढला. मी बिलाची आठवण केली तर म्हणाले, "घाई नको करू. घरच्यांना अजून पसंत पडायचाय." घरचे त्याच पिशवीतून भाजी आणत होते.

मोठ्या कंपन्यांचं काम केलं की त्या बिलातून दहा टक्के कर आधीच कापून सरकारकडे भरतात आणि तसा दाखला देतात. त्याला मी फॉर्म १६ए म्हणून ओळखतो, पण त्याच्या माथ्यावर 'सर्टिफिकेट' हाच शब्द असतो. पहिल्यांदा तो हातात आला तेव्हा मी आईला दाखवला. "बघ, एवढ्या मोठ्या कंपनीने प्रमाणपत्र दिलंय." तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "पैसे कापल्याचं?" मी म्हटलं, "हो, पण मिळाल्याशिवाय कापता येत नाहीत ना?" प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या पत्रकात तर कुणी, कोणत्या तिमाहीत, मला किती दिले याची एक ओळही सुटलेली नसते. माझ्या कारकिर्दीचा साद्यंत आढावा घेणारा एवढा एकच समीक्षक मला लाभला. एका ठिकाणी त्याच्याकडची नोंद नव्हती. कंपनीने कर कापला होता, भरला नव्हता. मी फोन करून कळवलं तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोण?" त्यांच्या गेल्या चार वर्षांच्या कॅलेंडरांवर रोज ती माझं काम बघत होती.

आईचं म्हणाल तर तिच्या तोंडून माझी ओळख तीन टप्प्यांनी बदलत गेली. पहिली काही वर्षं पाहुण्यांना ती सांगायची, "कॉम्प्युटरचं काहीतरी करतो." त्यात 'काहीतरी'वर जोर असायचा. पुढे दोन-चार नातेवाइकांच्या पत्रिका झाल्यावर, "पत्रिका वगैरे छापतो." मग २०२०चा मार्च आला आणि सगळं जग घरात बसलं. समोरच्या बिल्डिंगमधला आयटीतला मुलगा बनियनवर मीटिंग करू लागला. तेव्हा आई गॅलरीतून त्याच्या आईला म्हणाली, "तुमच्याकडे आत्ता आलंय होय हे? आमच्याकडे पहिल्यापासून घरूनच आहे." मी आत उशीवर लॅपटॉप ठेवून वडापावच्या गाडीचं दरपत्रक करत होतो. डोळ्यांत पाणी आलं. तेवीस वर्षांत मला मिळालेली ती एकमेव बढती.

ही यादी इथेच संपायची, पण गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट राहिली.

सिंहगड रस्त्याने परत येत होतो. अचानक कोसळायला लागलं म्हणून गाडी एका चहाच्या टपरीला लावली आणि आत शिरलो. चार बांबू, दोन बाकडी, वर छप्पर. कटिंग घेतला. पाणी दणादण आदळत होतं, पण आत थेंब नव्हता. सहज वर बघितलं, आणि भाऊ माझ्याकडे बघत हात जोडून उभे होते. म्हणजे उलटे लटकले होते.

तोच दहा बाय वीस. छापील बाजू आत, पांढरी बाजू आभाळाकडे. दिल्लीचं डोकं स्टोव्हच्या वर आल्याने धुराने काळवंडलं होतं. त्रेचाळीस शुभेच्छुकांपैकी वीसेक बांबूच्या गाठीत गेले होते. पण भाऊंचे केस! एकेक केस जागच्या जागी, कुळकुळीत. प्रत्यक्षातल्या भाऊंनी आता टोपी घालायला सुरुवात केली आहे, पण माझे केस टिकले होते. आणि शेवटी, बाकड्याच्या डोक्यावर जी कड आली होती, ती आता दुमडलेली नव्हती. चार इंच मोकळी सुटून वाऱ्यावर फडफडत होती. तिच्यावर बारीक अक्षरांत: 'डिझाइन', आणि पुढे माझं नाव. मोबाइल नंबरातला शेवटचा आकडा खिळ्याच्या भोकात गेला होता, बाकी सगळं शाबूत. वेलांट्यासुद्धा जागेवर.

शेजारी बसलेले एक आजोबा मान वर करून तेच वाचत होते. मोठ्याने, एकेक अक्षर लावत. कुणीतरी माझं नाव वाचतंय हे ऐकताना कसं वाटतं ते मला आजवर माहीत नव्हतं. पेपर तपासल्यावर वर्गात मोठ्याने गुण वाचतात ना, तसं.

टपरीवाला वर बघून म्हणाला, "भारी माल आहे. तीन पावसाळे काढले, थेंब नाही आला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "ते नाव माझं आहे. हे मी केलंय."

त्याने गाळणं खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं. कामाबद्दल इतक्या आदराने माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. "तुमचा ताडपत्रीचा धंदा आहे?"

मी क्षणभर विचार केला. मग म्हटलं, "हो."

"मग साहेब, एक बघा," तो स्टोव्हला वळसा घालून बाहेर आला आणि कडेला, जिथे पाऊस आत तिरपा येत होता, तिथे बोट दाखवून म्हणाला, "इथे जरा आखूड पडतंय. थोडं मोठं करून मिळेल का?"

मी खिशातून वही काढली, माप लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "कधीपर्यंत पाहिजे?"

"कालच पाहिजे होतं," तो म्हणाला.